हॉटेलच्या बिलातला दीड डॉलर

सांगलीहून भाऊ आला, सॅन फ्रान्सिस्कोत हॉटेलात उतरला, आणि निघताना मी त्याच्याकडून बिल मागून घेतलं. "ताई, पैसे मी भरलेत, तू काय तपासतेस?" तो म्हणाला. पंधरा-वीस वर्षं बँकेच्या खतावण्या तपासल्यावर हात गप्प बसत नाही, हे त्याला एव्हाना कळायला हवं होतं. पण त्या बिलात मला एक ओळ दाखवायची होती. खोलीच्या भाड्यावर शहराचा 14% हॉटेल कर. म्हणजे शंभर डॉलरच्या खोलीमागे 14 डॉलर, आणि त्यातला साधारण दीड डॉलर कला आणि संस्कृतीच्या नावाने बाजूला निघतो. "म्हणजे मी इथल्या कुणाच्या तरी नाचाला देणगी दिली," तो म्हणाला. अगदी तसंच.

मी या शहरातल्या लहान लहान कलासंस्थांचे हिशेब लिहिते. पाच-दहा माणसांची मंडळं: कुणी कठपुतळ्या करतं, कुणी शेजारच्या मुलांना ढोल शिकवतं. त्यामुळे हा दीड डॉलर पुढे कुठे जातो, ते मला रोज जवळून दिसतं.

ही व्यवस्था जुनी आहे. 1961 साली शहराने हॉटेल कराच्या उत्पन्नातून कलेला पैसा द्यायला सुरुवात केली. तर्क सरळ होता. पाहुणा इथे नुसता पूल बघायला येत नाही, गाणं-नाटक-चित्रं बघायलाही येतो; मग त्याच्याकडूनच थोडं घ्यावं. पुढे कलेचा वाटा दर अंदाजपत्रकात कमी-जास्त होऊ लागला, तेव्हा कलावंतांनी तो कायद्याने बांधून मागितला. 2016 साली मतदान झालं. बहुमत मिळालं, पण अशा प्रस्तावाला दोनतृतीयांश मतं लागतात, आणि तिथे थोडक्यात हुकलं. 2018 साली तोच विषय नव्या मांडणीत मतदारांपुढे आला आणि जवळजवळ तीनचतुर्थांश मतांनी पास झाला. मतदार उदार होतेच, पण एक गोष्टही विसरू नये. आपल्याच शहरात हॉटेलची खोली कोण घेतो? कर भरणारे बहुतेक सगळे बाहेरगावचे.

त्याची दुसरी बाजू 2020 साली दिसली. महासाथीत हॉटेलं ओस पडली आणि ज्या नळाला सगळ्यांनी घागरी लावल्या होत्या, तोच आटला.

हे पैसे एका दाराने जात नाहीत. 'ग्रँट्स फॉर द आर्ट्स' नावाचं खातं मुख्यतः प्रस्थापित संस्थांना चालू खर्चासाठी मदत करतं: भाडं, पगार, वीज. 'आर्ट्स कमिशन' हे शहराचं 1932 पासूनचं कलामंडळ आहे. तिथे लहान संस्था आणि एकेकटे कलाकार अर्ज करतात. या दुसऱ्या दारामागे मोठं भांडण आहे. सिंफनी, ऑपेरा, बॅले यांच्याकडे पैशाचा ओघ आपोआप जायचा. चायनाटाउन, मिशन, बेव्ह्यू या वस्त्यांमधल्या मंडळांकडे उरलंसुरलं. 1993 साली शहराने सांस्कृतिक समतेसाठी वेगळा निधी कायद्याने उभा केला, तो या तक्रारीतून.

शहराचं आणि वस्तीतल्या कलावंतांचं भांडण त्याहीपेक्षा जुनं. 1965 साली इथल्या 'माइम ट्रूप' या नाटकमंडळीची बागेत नाटक करायची परवानगी उद्यानखात्याच्या मंडळाने रद्द केली. कारण दिलं असभ्यतेचं. मंडळी तरीही लफाएट पार्कमध्ये गेली आणि दिग्दर्शक आर. जी. डेव्हिस यांना प्रेक्षकांसमोर अटक झाली. ज्यांनी महाराष्ट्रात नाटकांच्या परिनिरीक्षण मंडळाच्या कात्रीचे दिवस पाहिलेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, याच शहराने 'नेबरहूड आर्ट्स प्रोग्रॅम' सुरू केला: कला मोठ्या सभागृहातून काढून वस्तीत न्यायची, आणि तिथल्याच माणसांच्या हातात द्यायची. मिशनमधलं, बेव्ह्यूमधलं अशी जी सांस्कृतिक केंद्रं शहराच्या इमारतींत उभी राहिली, त्यांची मुळं त्या काळात आहेत. माइम ट्रूप अजूनही उन्हाळ्यात बागांमध्ये फुकट नाटकं करतं.

आता अर्जाकडे येऊ. अर्ज कोण वाचतं? नगरसेवक नाही, कारकूनही नाही. कलाकार आणि कलासंस्थांत काम करणारी तीन-चार-पाच माणसं नेमतात, त्यांना मानधन देतात, आणि ती ठरलेल्या निकषांवर गुण देतात. ज्याचा अर्जदाराशी संबंध असेल, त्याने त्या अर्जापुरतं बाजूला व्हायचं. आणि ही चर्चा उघड्यावर होते. सार्वजनिक बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते, कुणीही येऊन ऐकू शकतं. अर्जदारही बसू शकतो, पण स्वतःच्या अर्जावर चर्चा चालू असताना तोंड उघडायचं नाही. आपल्या मुलीला बघायला आलेल्यांची बोलणी आतल्या खोलीतून ऐकावीत, तसं ते ऐकणं असतं.

मला ही पद्धत मनापासून आवडते. बंद खोलीत 'आपला माणूस' म्हणून पास होणाऱ्या फायली मी खूप पाहिल्या आहेत. इथे परीक्षकाला कारण द्यावं लागतं आणि ते कारण नोंदलं जातं. मग शिफारशी समितीपुढे, समितीकडून पूर्ण कमिशनपुढे, आणि तिथे मंजुरी.

पण खरी चाळणी त्या खोलीत नसते. ती आधी लागते आणि नंतर लागते, आणि दोन्ही वेळा ती कागदाची असते.

मी ज्या मंडळांचे हिशेब लिहिते त्यांत फिलिपिनो आजीबाईंचा एक नाचगट आहे. सोमा भागातल्या. तिथे फिलिपिनो वस्ती जुनी, शहराने त्या भागाला सांस्कृतिक परिसराचा दर्जाही दिला आहे. या बायका टिनिकलिंग करतात: दोघी जमिनीवर बसून दोन बांबू आपटतात आणि बाकीच्या त्या बांबूंमधून पाय चुकवत नाचतात. वय सत्तरीच्या पुढे. गटाची नोंदणी नाही, बँकेत खातं नाही, पैसे बिस्किटांच्या डब्यात. अशांना थेट अर्ज करता येत नाही. नोंदणीकृत ना-नफा संस्था लागते, किंवा तशी एखादी संस्था पालक म्हणून घ्यावी लागते. तिला इथे फिस्कल स्पॉन्सर म्हणतात. 'इंटरसेक्शन फॉर द आर्ट्स', 'डान्सर्स ग्रुप' यांसारख्या संस्था हे काम करतात. पैसा त्यांच्या खात्यात येतो, हिशेब त्या ठेवतात, आणि त्याबद्दल काही टक्के कापून घेतात. फुकट कुणी का करावं?

अनुदान मंजूर झालं की दुसरी चाळणी. शहराच्या पुरवठादारांच्या यादीत नाव घालायचं, म्हणजे कागदोपत्री तुम्ही आणि डांबर पुरवणारा ठेकेदार एकाच रांगेत. राज्याच्या धर्मादाय नोंदवहीत पालकसंस्थेची स्थिती चोख हवी. आणि विमा: दर घटनेमागे दहा लाख डॉलरचा. विमा एजंटाने फोनवर मला विचारलं, "बांबूंमधून उड्या? वय किती म्हणालात?" मग बराच वेळ काही बोलला नाही. अखेर पॉलिसी दिली, पण तीत शहराचं नाव अर्धंच घातलं. सॅन फ्रान्सिस्को हे कायद्याने शहरही आहे आणि काउंटीही. विम्यावर दोन्ही लागतात, शिवाय अधिकारी, प्रतिनिधी, कर्मचारी हे सगळं शेपूट. कागद परत आला, दुरुस्त करून पुन्हा गेला.

ज्या गटाकडे माझ्यासारखी कुणी नसेल, तो या टप्प्यावर गळतो. त्याचा नाच कसा आहे हे कुणी विचारेपर्यंत त्याची पाळीच येत नाही. सार्वजनिक पैशाला हिशेब हवा, हे मी कधीच नाकारणार नाही. पण वीस हजारांच्या मदतीला आणि वीस लाखांच्या ठेक्याला एकच फुटपट्टी लावली, की समतेचा निधी हळूहळू कागद जमणाऱ्यांचा निधी होतो.

आपल्या मराठी मंडळींपैकी काहीजण मला विचारतात, आम्हाला नाही का मिळायचं? अडचण पत्त्याची आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा पैसा शहरातल्या संस्थांना आणि शहरात होणाऱ्या कार्यक्रमांना. बे एरियातला मराठी माणूस राहतो फ्रीमाँटला, सनिव्हेलला, सॅन होजेला. सॅन होजेतही हॉटेल करातून कलेला अनुदान मिळतं, तेव्हा तिथल्यांनी तिथे बघावं. गणपतीचं काय, हा पुढचा प्रश्न असतो. पूजाअर्चेला सरकारी पैसा नाही. शेजारच्या मुलांना लेझीम शिकवा, मिरवणुकीत सगळ्या वस्तीला घ्या, त्याचा अर्ज माझ्या मते टिकेल. आरतीच्या ताटाला वर्गणीच काढावी लागेल. आपल्याकडे मराठी नाटकाला करमणूक कर माफ असायचा. सरकार कलेकडून घ्यायचं नाही, ही आपली मदत. इथे घेतात पाहुण्याकडून आणि देतात अर्ज बघून. दुसऱ्या पद्धतीत खटपट जास्त, पण लहान गटाला निदान विचारायची जागा असते.

अर्जातला सगळ्यात बोलका भाग म्हणजे अंदाजपत्रक. कलाकारांचं मानधन, साहित्य, जागा, प्रसिद्धी, प्रशासन असे रकाने. परीक्षक गोष्ट वाचतात, पण आकडे बघून ठरवतात गोष्ट खरी की नाही. सगळे फुकट नाचणार असं लिहिलं तर उलट शंका येते, कारण कलाकाराला मोबदला मिळावा, हाच तर हेतू. आजीबाईंनी स्वतःला दहा डॉलर लिहायला लावले होते. मी ते वाढवले, त्या लाजल्या.

मग त्यांच्या टेर्नोचा खर्च आला. टेर्नो म्हणजे खांद्यावर फुलपाखरासारख्या उभ्या बाह्या असणारा झगा. त्या बाह्या उभ्या ठेवणं हे सोपं शिवण नव्हे, आणि वस्तीत ते येणारी एकच बाई उरली आहे. मी तिचं बिल 'साहित्य' या रकान्यात टाकलं. गटातल्या सगळ्यात बुटक्या आजींनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला. कापड साहित्यात घाला, शिवणारी वर घाला, त्या म्हणाल्या. मी शिवणारीचं नाव 'कलाकार' या रकान्यात घातलं, कापड वेगळं काढलं आणि बेरीज पुन्हा जुळवली. परीक्षकांनी त्या ओळीवर हरकत घेतली नाही.