आधी व्हिसा, मग दाखला

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही दोन्ही मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढले. फ्रिज विकला, सासूबाईंना महाडला नणंदेकडे पोचवले आणि 20 जूनची विमानाची तिकिटे घेतली. मुलांच्या अब्बांना इंग्लंडात कायम राहण्याचा परवाना मिळालेला आहे. आम्हा तिघांचे अर्ज एप्रिलमध्ये गेले होते. "आठ आठवड्यांत काम होईल," असे एजंट छातीठोकपणे म्हणाला होता.

20 जून उलटला. शाळा सुरू झाली. शेजारची मुले नवी दप्तरे घेऊन निघाली आणि आमची दोघे ओट्यावर बसून राहिली. व्हिसा आला सप्टेंबरमध्ये, अल्हम्दुलिल्लाह. पण मधल्या दिवसांत जे सोसले, त्यातले निम्मे आमच्याच घाईने ओढवले होते. इतर घरांना ते टळावे म्हणून हा अनुभव मांडत आहोत.

अर्ज करण्याआधी

घाई करायचीच असेल तर ती कागदांची करावी. उर्दू निकाहनाम्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विवाह नोंदवता येतो. तो दाखलाही जोडावा. निकाहनाम्यावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षरन्‌अक्षर जुळते का, ते पाहावे. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे बरेचदा लक्षात राहत नाही.

क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला सहा महिने चालतो. फार आधी काढला तर अर्जापूर्वीच मुदत संपते.

सर्वात मोठा प्रश्न कमाईचा. 11 एप्रिल 2024 पासून नव्याने अर्ज करणाऱ्यांसाठी वर्षाला 29,000 पौंडांची अट आहे. एकाच मालकाकडे सहा महिने झाले असतील तर पुरावा सोपा जातो. नोकरी नुकतीच बदललेली असेल तर मागच्या बारा महिन्यांच्या कमाईचाही हिशेब द्यावा लागतो. आमच्याकडे नेमके हेच झाले. मुलांच्या अब्बांनी फेब्रुवारीत चांगल्या पगाराची नोकरी धरली, जुन्या नोकरीच्या पगारचिठ्ठ्या जोडायच्या राहिल्या आणि त्या मागवण्यात आठवडे गेले.

वाट पाहताना

इंग्लंडाबाहेरून केलेल्या अर्जाला साधारण 12 आठवडे धरले जातात. अधिक कागद मागितले तर त्याहून जास्त. म्हणून 12 आठवडे ही तारीख मानू नये, अंदाज मानावा.

या काळात पैसाही अडकतो. अर्जाच्या फीखेरीज आरोग्यसेवेचा अधिभार आधीच भरावा लागतो. 33 महिन्यांच्या व्हिसासाठी तो मोठ्या माणसाला 3,105 आणि प्रत्येक मुलाला 2,328 पौंड आहे. अर्ज नाकारला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही. उरलेली पुंजी आम्ही तिकिटांत घातली आणि तारीख चुकल्यावर त्यातले फारच थोडे परत आले.

मुलांना शाळेतच ठेवावे. सप्टेंबर गाठायलाच हवा, या भीतीने आम्ही दाखले काढले होते. तिथले शालेय वर्ष सप्टेंबरला सुरू होते हे खरे, पण वर्षाच्या मध्येही प्रवेशासाठी अर्ज करता येतो आणि वर्ग सहसा वयाप्रमाणे ठरतो. जुलैमध्ये मुख्याध्यापकांना भेटलो. "दाखला आणा परत, पोरांना उद्यापासून पाठवा," एवढेच ते बोलले. मान वर करवेना.

सासूबाई

या व्हिसात सासूबाईंना जागा नाही. ते आम्हाला ठाऊक होते, पण त्यावर घरात नीट मशवरा झालाच नव्हता. महाडहून फोन यायचा तेव्हा त्या एवढेच विचारत, "अजून हायसा ना?" जुलैमध्ये आम्ही त्यांना परत आणले. मग कुठे आम्ही एकत्र बसलो. त्या कुणाकडे राहणार, रक्तदाबाच्या गोळ्या कोण आणणार, घराची किल्ली कुणाकडे, दरमहा किती पैसे पाठवायचे, हे त्यांना विचारून ठरवले. त्यांना आपले घर सोडायचे नव्हते. नणंदेचा मोठा मुलगा तिथेच राहून कॉलेज करील, असे ठरले. हे मे महिन्यात विचारले असते, तर त्यांची ती फरफट झाली नसती.

व्हिसा हाती आल्यावर

आता कुणी विचारले तर आम्ही एकच सांगतो. जे काम परत फिरवता येत नाही, ते व्हिसानंतर करावे. दाखला, तिकीट, नोकरीचा राजीनामा, भाड्याचे घर सोडणे, सामान विकणे, सगळे त्यात आले. व्हिसावरची नावे आणि तारखा तपासून मग तीन-चार आठवडे हाताशी ठेवले तर ही कामे निवांत होतात.

उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आम्ही उंट सोडून दिला होता आणि त्याला तवक्कुल म्हणत होतो. ऑक्टोबरमध्ये निघालो तेव्हा सासूबाई आपल्याच ओट्यावर उभ्या राहून दुआ देत होत्या. एवढे समाधान घेऊन आम्हाला जाता आले.