जुन्या जीपगाडीच्या पुढील पाट्यांचे बुश : झीज, पारख व बदल

पन्हाळगडावरून कोल्हापूरकडे उतरणारा रस्ता, ज्योतिबाच्या डोंगराची वळणे आणि वाड्यावस्त्यांना जोडणाऱ्या पाणंदी यांवर चारही चाकांना जोर देणारी जुनी जीप आजही शेतकऱ्याच्या उपयोगी पडते. दुधाचे कॅन, खताची पोती, उसाचे बेणे आणि प्रसंगी आजारी मनुष्य किंवा बाळंतीण, असा सर्व प्रकारचा भार ती वाहते. अशी गाडी उतारावर ब्रेक दाबताच एका अंगास ओढू लागली, अथवा चक्र सरळ धरले असताही भरकटू लागली, तर हा केवळ गाडीच्या वयाचा दोष आहे असे समजून तो सोडून देऊ नये. पुष्कळदा त्याचे मूळ पुढील पाट्यांच्या टोकांशी बसविलेल्या, मुठीत मावतील एवढ्या लहान बुशांत असते. बुशाची किंमत गाडीच्या इतर भागांच्या मानाने अल्प आहे. परंतु तो झिजलेला असताना घाट उतरणे म्हणजे गाडी चालकाच्या हाती पूर्णपणे नसणे होय.

ग्रामीण भागाशी जीपचा संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात नावारूपास आलेल्या विलीज जीपची जुळणी महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजनेस आरंभ झाला, त्यानंतर विकास गटाची जीप खेडोपाडी परिचयाची झाली. आज शासकीय कार्यालयांतून असे जुने वाहन जवळजवळ नाहीसे झाले आहे. पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद आहे. खाजगी गाडीला मात्र पंधरा वर्षांनंतरही तपासणीत योग्य ठरल्यास पाच-पाच वर्षांची मुदत मिळते. त्यामुळे जुन्या जीपगाड्या आता मुख्यत्वे शेतकऱ्यांच्याच अंगणात आढळतात व त्यांच्या निगेचा भारही त्यांच्यावरच येतो.

बुशाचे कार्य

जीपचा पुढचा आस चासीस थेट जोडलेला नसतो. तो दोन्ही बाजूंच्या कमानपाट्यांवर यू-बोल्टांनी बांधलेला असतो. पाट्याचे सर्वांत लांब जे मुख्य पान, त्याची दोन्ही टोके गोल वळविलेली असतात. या लेखात त्यांस डोळा असे म्हटले आहे. एक डोळा चासीवरील कानात बोल्टाने खिळविलेला असतो व दुसरा शॅकलच्या आधाराने झुलता असतो. चाक दगडावर चढले म्हणजे कमान दबून पाटा लांबतो आणि ही वाढ शॅकल झुलून सामावून घेतो. डोळा व बोल्ट यांच्यामध्ये जे अस्तर असते तो बुश.

आस पुढेमागे कोठे राहावा हे ठरविणारा दुसरा कोणताही दांडा या रचनेत नाही. ते काम सर्वस्वी खिळविलेल्या डोळ्यातील बुशावर असते. ब्रेक लागताच चाके रस्त्यास धरतात व आस मागे रेटला जातो. उतारावर गाडीचा भार आधीच पुढे आलेला असतो, त्यामुळे हा रेटा अधिक. बुश झिजून डोळ्यात पोकळी झाली असेल तर आस त्या पोकळीइतका मागे सरकतो. एका बाजूची झीज जास्त असल्यास तो तिरपा होतो. ज्या गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा चासीवरील पेटीपासून आसाकडे लांबीच्या दिशेने गेलेला असतो, त्यांत आणखी एक गोष्ट घडते. दांड्याची लांबी ठराविक असल्यामुळे, आस सरकला की चालकाने चक्र न फिरविताही चाके थोडी वळतात. सपाट रस्त्यावर हा दोष झाकला जातो, वळणावर ब्रेक दाबताना तो प्रकट होतो.

पारख कशी करावी

ब्रेक लावताना व सोडताना पुढून ‘धप्’ असा आवाज येणे, खड्ड्यातून जाताना लोखंडावर लोखंड आपटल्यासारखे वाटणे, ठराविक वेगास चक्र थरथरणे, पुढील टायर एका कडेने लवकर झिजणे ही लक्षणे होत. तथापि किंगपिनचे बेअरिंग, टायरॉडची टोके, चाकाचे बेअरिंग आणि स्टिअरिंगची पेटी यांच्या झिजेनेही यांपैकी काही लक्षणे दिसतात. म्हणून केवळ ऐकीव तक्रारीवरून भाग बदलू नयेत. पेटी बदलली, टायर बदलले आणि दोष तसाच राहिला, असा अनाठायी खर्च यातूनच होतो.

प्रत्यक्ष तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी चाकांवर उभी ठेवून एकाने चक्र डावीउजवीकडे थोडे थोडे हलवावे व दुसऱ्याने बाजूस बसून पाट्याच्या डोळ्यांकडे पाहावे. चाक वळण्याआधी डोळाच कानात सरकताना दिसला तर बुश गेला असे समजावे. नंतर मागील चाकांना पुढून व मागून दगड लावून पुढील चासी जॅकने उचलावी, खाली भक्कम ठोकळे द्यावेत आणि डोळा व कान यांमध्ये पहार घालून हलके उचकटून पाहावे. बोल्ट डोळ्याच्या मध्यावर नसून एका अंगास टेकलेला दिसणे, रबर चिरून बाहेर आलेले असणे, शॅकलची पट्टी कानास घासून चकाकणे किंवा बुशाच्या कडेने गंजाची तांबूस भुकटी गळणे, या खुणा निश्चित समजाव्यात. पन्हाळ्याच्या तांबड्या मातीत ही भुकटी सहज लपते, म्हणून तपासणीपूर्वी तो भाग धुऊन कोरडा करावा.

आणखी एक उपाय साध्या सुतळीचा आहे. चाके सरळ ठेवून पुढील आसाच्या मध्यापासून मागील आसाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. त्यात लक्षात येण्याजोगा फरक आढळल्यास आस सरकलेला आहे. मात्र पाट्याची पाने एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटल्यानेही असेच होते, तेव्हा तोही पाहावा.

बुशाची जात

काम हाती घेण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणत्या जातीचा बुश आहे हे पाहणे अत्यावश्यक आहे, कारण एका जातीस जे हितकर ते दुसरीस घातक ठरते. विलीज घडणीच्या जुन्या जीपमध्ये शॅकल इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा असून त्याच्या दोन्ही पायांस आटे असतात व त्यांवर आटेदार पोलादी बुश फिरवून बसविलेले असतात. येथे लोखंड लोखंडावर चालते, म्हणून ग्रीस हेच त्याचे जीवन. निप्पल मातीने बुजले की आटे कोरडे पडून झिजतात, व पावसाळ्यात पाणी शिरल्यास गंजून जखडतात. जखडलेला शॅकल झिजलेल्याइतकाच वाईट. तो झुलत नसल्यामुळे पाट्यावर ताण येऊन मुख्य पान तुटते. काही गाड्यांत साध्या पिनेवर चालणारा पितळी जातीचा बुश असतो. त्यालाही ग्रीस लागते.

नंतरच्या काळातील गाड्यांत बहुधा रबरी बुश आढळतात. त्यांपैकी काही नुसत्या रबराचे, दोन अर्धुकांत येणारे असतात. काहींना आतून व बाहेरून पोलादी नळी असते आणि मध्ये रबर असते. रबरी बुश बोल्टावर घसरत नाही. आतील नळी बोल्टाने घट्ट आवळली जाते आणि पाट्याची हालचाल रबर पिळून निघते. त्याला ग्रीस किंवा ऑइल मुळीच लावू नये, तेलाने रबर फुगते व मऊ पडून कुजते. पावसाळ्यापूर्वी पाट्यांवर जळके ऑइल मारण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. आटेदार बुशांच्या काळात ती खपून गेली, पण रबरी बुशांच्या गाडीत ते ऑइल ओघळून थेट रबरावर येते. ही रीत सोडणेच योग्य.

अलीकडे पॉलियुरेथेनचे टणक बुशही मिळतात. ते टिकाऊ असले तरी खड्ड्यांचा धक्का चासीवर अधिक पोचवितात, व त्यांना त्यांच्यासोबत मिळणारेच ग्रीस लागते. शेतीकामाच्या गाडीस मूळ जातीचा चांगला रबरी बुश पुरेसा होतो. अनेक हातांतून गेलेल्या गाडीत मागाहून पाटे बदललेले असण्याचा संभव असतो, म्हणून गाडीच्या सालावर विसंबून न राहता बुश डोळ्यांनी पाहावा, आणि खरेदीस जाताना जुना नमुना व बोल्ट सोबत न्यावा. नमुना हाती असल्यास कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कातकाम करणारे कारागीर पिन किंवा पितळी बुश मापाने करून देऊ शकतात.

काढणे व बसविणे

आदल्या दिवशी सर्व नटांवरील माती ब्रशने काढून गंजलेल्या आट्यांवर घासलेट किंवा गंज सोडविणारे तेल सोडावे. गाडी सपाट, कठीण जागी उभी करून मागील चाकांना दगड लावावेत. चासी उचलून तिच्याखाली ठोकळे किंवा घोड्या द्याव्यात. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. दुसरा जॅक आसाखाली घेऊन पाट्यावरील ताण जाईल इतकाच आस वरखाली करावा. ताण असताना बोल्ट काढल्यास पाटा उसळून हाताला इजा होते. आसाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, याकडेही लक्ष असावे.

एका वेळी एकच बाजू सोडावी. दुसऱ्या बाजूचा पाटा बांधलेला असल्यास आस जागेवर राहतो, दोन्ही सोडल्यास तो फिरतो व पुन्हा जुळविण्यात दिवस जातो. आधी शॅकल व नंतर खिळविलेला बोल्ट काढावा.

पोलादी नळीचा बुश हातोड्याने ठोकून काढण्याचा मोह टाळावा. एक लांब आटेदार दांडा, दोन नट, बुशापेक्षा किंचित लहान व्यासाचा एक तुकडा आणि बुश आत मावेल असा नळीचा दुसरा तुकडा एवढ्या साहित्यावर तो ओढून काढता येतो. बाहेरील नळी जखडलेली असल्यास हॅक्सॉचे पाते आत घालून तिला एक चीर पाडावी, पण पाते डोळ्याच्या पोलादास लागू देऊ नये. काही ठिकाणी रबर पेटवून बुश मोकळा करतात. तसे केल्याने धूर तर होतोच, शिवाय पाट्याचे पाणी उतरून ते टोक नरम पडण्याचा धोका असतो. ही पद्धत अवलंबू नये.

डोळा स्वच्छ करून तो अंडाकृती झाला आहे काय, त्यास चीर आहे काय, हे पाहावे. तसे असल्यास नवा बुश फार दिवस टिकणार नाही, मुख्य पानच बदलावे लागेल. चासीवरील कानाचे रिव्हेट सैल झालेले नाहीत ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. बोल्टावर खाच पडली असेल तर तोही नवा घ्यावा. नवा बुश व जुना बोल्ट ही काटकसर नव्हे.

रबरी बुश बसविताना साबणाचे पाणी लावावे, ते वाळून जाते व रबरास अपाय करीत नाही. डोळा कानात आणताना भोके जुळली की नाही हे बोट घालून कधीही पाहू नये. त्यासाठी निमुळती सळई वापरावी. बोल्ट घालून नट प्रथम हातानेच लावावेत. यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी चुकते. नट गाडी उचललेली असताना आवळले तर रबर लोंबत्या पाट्याच्या स्थितीत पकडले जाते. गाडी खाली येताच ते पिळले जाते आणि उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते. असा नवा बुश थोड्याच काळात चिरतो व दोष मालावर ठेवला जातो. म्हणून गाडी चाकांवर उतरवावी, पुढून चार-पाच वेळा दाबून सोडावी आणि मगच नट पूर्ण आवळावेत. ज्या गाड्यांची पुढील चाके पाट्यांऐवजी स्वतंत्र आर्मवर असतात, त्यांच्या रबरी बुशांनाही हाच नियम लागू आहे.

आटेदार बुशाची रीत निराळी. काही शॅकलांना डावे आटे असतात. अशा बुशाच्या षट्कोनी डोक्यावर खाच असते, ती पाहिल्याशिवाय पान्यास जोर लावू नये. बसविताना वरचा व खालचा बुश आळीपाळीने थोडा थोडा फिरवावा. वरचा चासीच्या कानास घट्ट टेकवावा. खालच्या बुशाचे डोके व पाट्याचा डोळा यांमध्ये सुमारे १/३२ इंच, म्हणजे जवळजवळ ०.८ मिलिमीटर फट ठेवावी. नंतर ग्रीस भरून शॅकल मोकळा झुलतो की नाही ते पाहावे. तो घट्ट वाटल्यास बुश उलगडून पुन्हा बसवावेत.

दोन्ही बाजूंचे व दोन्ही टोकांचे बुश एकाच वेळी बदलावेत. एकच बाजू नवी केल्यास गाडी दुसऱ्या बाजूस ओढते. काम झाल्यावर यू-बोल्टांचे नट कोनाकोनीने आवळावेत, जेथे खिळपिना असतील तेथे त्या नव्या घालाव्यात व चाकांची जुळणी तपासून घ्यावी. पहिली चाचणी सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीने व कमी वेगाने करावी. ब्रेक दाबता गाडी सरळ थांबली तरच घाटात न्यावी. शंभरएक किलोमीटर धावल्यावर सर्व नट पुन्हा पाहावेत, नवे भाग बसल्यावर ते थोडे सैलावतात.

या तालुक्यात बुशांच्या तपासणीस वैशाखाचे दिवस सोयीचे असतात. पुढे पावसात रस्त्यांना चर पडतात, क्वचित रस्ताच जातो. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीने पन्हाळगडावर जाणारा मुख्य रस्ता खचून वाहतूक बंद झाली होती. आटेदार बुशांच्या गाडीला पावसाळ्यात दर आठवड्यास, व गाडी ओढ्याच्या पाण्यातून गेली असल्यास त्याच दिवशी, जुने गढूळ ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गनने ग्रीस भरावे. रबरी बुशांच्या गाडीस साध्या पाण्याने धुणे एवढेच पुरे आहे.