हेन्स्लोची चिमणी

हेन्स्लोची चिमणी (शास्त्रीय नाव : सेंट्रोनिक्स हेन्स्लोई) हा उत्तर अमेरिकेच्या पूर्वार्धातील गवताळ प्रदेशांत आढळणारा एक लहान पक्षी आहे. ही चिमणी आयुष्याचा बहुतेक काळ दाट गवताच्या बुडाशी, जमिनीवर घालवते. त्यामुळे जेथे तिची वस्ती असते, तेथेही ती सहसा दृष्टीस पडत नाही. विणीच्या हंगामात तिला काही वर्षे न जळलेले व न कापलेले गवत लागते, तर हिवाळ्यात अलीकडेच जळून पुन्हा उगवलेले गवत लागते. या दोन भिन्न गरजा एकाच वर्षात, एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या प्रदेशांत भागाव्या लागतात. तिच्या संवर्धनातील मुख्य अडचण हीच आहे.

नाव व वर्गीकरण

अमेरिकन पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबन यांना हा पक्षी १८२० मध्ये केंटकी राज्यात, ओहायो नदीकाठी सिनसिनाटी शहरासमोरील भागात मिळाला. १८२९ मध्ये त्यांनी त्याला केंब्रिज विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो यांचे नाव दिले. हेन्स्लो हे चार्ल्स डार्विन यांचे गुरू होत. ‘बीगल’ जहाजावरील सफरीसाठी डार्विन यांचे नाव त्यांनीच सुचविले होते.

नावात ‘चिमणी’ असली, तरी महाराष्ट्रात घराच्या वळचणीला दिसणाऱ्या चिमणीशी या पक्ष्याचे जवळचे नाते नाही. घरचिमणी पॅसरिडी कुळातील, तर हेन्स्लोची चिमणी पॅसरेलिडी या अमेरिका खंडांतील कुळातील आहे. हे कुळ भारीट पक्ष्यांना अधिक जवळचे आहे. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरणारे काळ्या डोक्याचे भारीट महाराष्ट्रातील पक्षिनिरीक्षकांच्या परिचयाचे आहेत. ऑड्युबन यांनीही या पक्ष्याला प्रथम ‘हेन्स्लोचा भारीट’ असेच म्हटले होते. दीर्घकाळ अमोड्रामस या प्रजातीत गणली गेलेली ही जाती २०१८ मध्ये सेंट्रोनिक्स प्रजातीत हलविण्यात आली.

वर्णन

लांबी सुमारे १२ सेंमी. व वजन १० ते १५ ग्रॅम असते. डोके मोठे व वरून चपटे दिसते. त्याचा रंग ऑलिव्ह-हिरवट असून माथ्यावर गडद पट्टे असतात. पंख तांबूस-तपकिरी, छातीवर बारीक काळसर रेघा, चोच जाड आणि शेपटी आखूड असते. नर व मादी सारखेच दिसतात. वाळलेल्या गवताच्या पार्श्वभूमीवर हे रंग पूर्णपणे मिसळून जातात.

धोका जाणवल्यास ही चिमणी उडण्याऐवजी उंदरासारखी गवताच्या बुडातून धावत जाते. अगदी जवळ गेल्यावरच ती उडते, गवताच्या शेंड्यांलगत थोडे अंतर कापते व पुन्हा खाली उतरून दिसेनाशी होते.

आवाज

नराचे गाणे दोन अवयवांचे, ‘त्सी-लिक’ असे ऐकू येणारे आणि अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी काळाचे असते. ते एखाद्या कीटकाचे असावे असे अनोळखी माणसाला वाटते. नर गवताच्या काडीवर बसून, मान मागे टाकून गातो आणि पुष्कळदा रात्रीही गातो. विणीच्या प्रदेशातील पक्ष्यांची मोजणी मुख्यतः या गाण्यावरच अवलंबून असते. हिवाळ्यात नर गात नाहीत; तेव्हा अभ्यासक गवतातून रांगेने चालत पक्षी उठवतात व जाळ्यात पकडून त्यांची नोंद करतात.

अधिवास व प्रजनन

वीण प्रामुख्याने अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील कॅन्सस, मिसूरी, इलिनॉय, इंडियाना, ओहायो इत्यादी राज्यांत, तसेच पूर्वेकडे पेनसिल्व्हेनिया व न्यूयॉर्कपर्यंत होते. योग्य माळावर अनेक जोड्या एकमेकींजवळ वस्ती करतात. एका नराचे क्षेत्र बहुधा एक हेक्टरपेक्षा लहान असते. तरीही गवताच्या लहान, तुटक तुकड्यांत ही चिमणी क्वचितच राहते. तिला विस्तीर्ण, सलग आणि झुडपे फारशी नसलेला माळ लागतो.

माळाच्या विस्ताराइतकेच गवताचे वयही महत्त्वाचे असते. मागील वर्षांचे वाळलेले गवत जमिनीवर साचून त्याचा जाड थर झाल्यावरच तेथे घरटे लपते व धावण्यासाठी आडोसा मिळतो. माळ जाळला किंवा कापला, की हा थर नाहीसा होतो आणि पुढील हंगामात ही चिमणी तेथे बहुधा फिरकत नाही. उलट माळ अनेक वर्षे तसाच सोडल्यास झुडपे व झाडे वाढतात आणि ती तो कायमचा सोडून जाते.

घरटे गवताच्या ठोंबाच्या बुडाशी, जमिनीवर किंवा किंचित वर असते. मादी ३ ते ५ अंडी घालते व सुमारे ११ दिवस उबवते. पिल्ले साधारण ९-१० दिवसांत घरटे सोडतात. उन्हाळ्यात नाकतोडे, भुंगेरे, सुरवंट इत्यादी कीटक, तर हिवाळ्यात गवताचे व लव्हाळ्यासारख्या वनस्पतींचे बी हा मुख्य आहार असतो.

हिवाळी स्थलांतर

शरद ऋतूत ही चिमणी मेक्सिकोच्या आखातालगतच्या राज्यांत व आग्नेय किनाऱ्याकडे जाते. तेथे ती लांब पानांच्या पाइनच्या विरळ वनांत आणि घटपर्णी वनस्पती वाढणाऱ्या दलदलीच्या कुरणांत राहते. या वनांना वारंवार लागणारी आग आवश्यक असते. पूर्वी विजांमुळे आणि मूलनिवासी लोक लावत असलेल्या आगींमुळे झुडपे आटोक्यात राहत. आगीनंतर गवताला भरपूर बी धरते व जमिनीवर वावरण्यास मोकळी जागा मिळते. म्हणून आगीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात या चिमण्यांची संख्या सर्वाधिक असते आणि पुढे ती वर्षागणिक घटत जाते.

ऱ्हास व संवर्धन

मध्य-पश्चिमेतील उंच गवताच्या मूळ माळांपैकी ४ टक्क्यांहूनही कमी क्षेत्र आज शिल्लक आहे. बाकीचे मका व सोयाबीनच्या शेतीखाली गेले. पूर्वेकडे गवती कुरणांनी या चिमणीला काही काळ आधार दिला. परंतु चाऱ्यासाठी गवताची कापणी विणीच्या हंगामातच होऊ लागल्यावर घरटी नष्ट होऊ लागली. दक्षिणेत लांब पानांच्या पाइनची वने एकेकाळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेली होती. वृक्षतोडीमुळे आणि विसाव्या शतकातील आग पूर्णपणे रोखण्याच्या धोरणामुळे त्यांचा थोडाच भाग उरला. कॅनडात ही जाती संकटग्रस्त मानली जाते.

या पक्ष्याला आधार काही अनपेक्षित ठिकाणी मिळाला. १९८५ च्या अमेरिकन शेती कायद्याने सुरू झालेल्या योजनेत, धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे गवताखाली ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना वार्षिक मोबदला मिळू लागला. अशा जमिनी वाढल्या तेथे, विशेषतः इलिनॉयमध्ये, या चिमण्यांची संख्या सावरली. कोळशाच्या उघड्या खाणी बुजवून त्यांवर लावलेल्या गवतातही त्यांनी वस्ती केली. इंडियानातील लष्कराच्या जुन्या दारूगोळा चाचणी क्षेत्रावर २००० मध्ये ‘बिग ओक्स राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान’ स्थापन झाले. न फुटलेल्या तोफगोळ्यांमुळे तेथे शेती करता येत नाही; या चिमणीची एक मोठी वस्ती मात्र तेथे टिकून आहे.

केवळ माळाला कुंपण घालून या पक्ष्याचे रक्षण होत नाही. विणीच्या प्रदेशात माळाचे भाग पाडून ते आळीपाळीने जाळले जातात, जेणेकरून जुन्या गवताचा काही भाग दरवर्षी शिल्लक राहील. दक्षिणेतील वनांत काही वर्षांच्या अंतराने नियंत्रित आग लावली जाते. यांपैकी एका ठिकाणचे व्यवस्थापन थांबले, तरी दुसऱ्या ठिकाणच्या प्रयत्नांचा लाभ मर्यादित राहतो, कारण दोन्हीकडे राहणारे पक्षी तेच असतात.