डोक्याला मार लागला, तरी माणूस बोलतोय? पुढचे काही तास जपा. मेंदूत सुरू असते 'दुसरी इजा'

महाड : मुंबई-गोवा महामार्ग, कशेडी घाट, आंबेनळी घाट. महाड आणि पोलादपूर तालुक्यांना अपघात नवे नाहीत. त्यात आंब्याच्या झाडावरून किंवा घराच्या कौलांवरून पडणारे वेगळेच. "पडला, पण लगेच उठून बसला, बोलला आणि रात्री बेशुद्ध झाला," असं गावोगावी ऐकायला मिळतं. हा नशिबाचा खेळ नाही, त्यामागे कारण आहे.

डोकं आदळतं तेव्हा मेंदूच्या पेशी आणि रक्तवाहिन्या तुटतात. ही पहिली इजा. ती परत फिरवता येत नाही. दुसरी इजा त्यानंतर काही मिनिटांत सुरू होते आणि कित्येक तास, कधी कधी काही दिवस चालते. वेळेत उपचार मिळाले तर ही दुसरी इजा कमी करता येते.

आत काय घडतं?

वरच्या खाचराचा बांध फुटला की पाणी खालचे बांधही फोडत जातं. मेंदूत तसंच होतं. एका पेशीचा निरोप दुसरीला देणारं ग्लुटामेट नावाचं रसायन जखमी पेशींतून बेसुमार बाहेर पडतं. त्यामुळे शेजारच्या पेशींची दारं उघडी राहतात आणि कॅल्शियम आत घुसतं. पेशीला ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया त्याने बिघडतात. ऊर्जा संपली की पेशीतले पंप बंद पडतात, पाणी साचतं आणि पेशी फुगते. त्यात तयार होणारे फ्री रॅडिकल्स पेशीचं आवरण खराब करतात.

कवटी हाडाची, तिला पसरायला जागा नाही. सूज आली की आतला दाब वाढतो आणि रक्त पोचेनासं होतं. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण त्याला लागणारा ऑक्सिजन सुमारे २० टक्के. म्हणून पुरवठा थोडा जरी तुटला तरी नुकसान मोठं होतं. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत गेलं, तर आधी बोलणारा माणूस नंतर बेशुद्ध पडतो. ते सीटी स्कॅनमध्ये कळतं.

औषध आहे का?

पेशींमधली ही साखळी तोडणारं खात्रीचं औषध अजून मिळालेलं नाही. सुमारे १० हजार रुग्णांवरच्या 'क्रॅश' चाचणीत स्टिरॉइड दिलेल्यांचे मृत्यू उलट जास्त निघाले. म्हणून भर असतो तो श्वास, ऑक्सिजन आणि रक्तदाब सांभाळण्यावर. वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला तर धोका बराच वाढतो.

आपण काय करायचं?

१०८ ला फोन करा. मान वळवू नका, बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा. मनाने वेदनाशामक गोळी देऊ नका. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, बरळणं, एका बाजूची ताकद जाणं, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. "प्यायलाय, झोपू दे" म्हणून सोडणं तर सर्वांत धोक्याचं, कारण नशा आणि मेंदूतला रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसू शकतात.

मदत केली तर पोलिसांचं लचांड मागे लागेल, या भीतीने थांबू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. आणि हेल्मेट? पहिली इजा हलकी करणारी तेवढीच एक गोष्ट दुचाकीस्वाराच्या हातात असते.