दोन टक्के आणि सतरा उद्दिष्टे

कंपनी कायदा 2013 मधील कलम 135 नुसार, वर्षाला 5 कोटी रुपये निव्वळ नफा कमावणाऱ्या कंपनीलाही मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. कशावर, ते सातव्या अनुसूचीत दिले आहे: भूक, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण वगैरे. संयुक्त राष्ट्रांची 17 शाश्वत विकास उद्दिष्टे आली त्यानंतर, 2015 मध्ये. तरी दोन्ही याद्या बऱ्याच जुळतात.

म्हणूनच अहवालात उद्दिष्टांची रंगीत चौकोनी चिन्हे डकवणे फार सोपे झाले आहे. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधले की शिक्षण (4), समानता (5), स्वच्छता (6) अशी तीन चिन्हे एकाच बांधकामावर लागतात. नळाला पाणी आहे का, सफाईचा पगार कोण देतो, हे मात्र अहवालात क्वचितच सापडते. खरी जोडणी तिथेच तपासावी.

दुसरी अडचण भूगोलाची. कायदा कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. साहजिकच पैसा पुणे-मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात साचतो आणि गरज जिथे जास्त, त्या गडचिरोली-नंदुरबारकडे कारखानेच मोजके. हे प्राधान्य सक्तीचे नाही, असा खुलासा केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने केला आहे. पण वाट वाकडी करणाऱ्या कंपन्या अजून थोड्याच.