हत्यार घडविण्यापूर्वी पोलाद ओळखा

पोलाद जितके कठीण तितके हत्यार उत्तम, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. काचही कठीण असते. पण काचेची छिन्नी कोणी करीत नाही. हत्याराला दोन गुण लागतात: धार टिकविणारी कठिणता आणि घाव सोसणारा चिवटपणा. एक वाढविला की दुसरा बहुधा घटतो. कामाप्रमाणे या दोहोंचा मेळ घालणे, यालाच पोलादाची निवड म्हणावयाचे.

या गुणांचे मूळ लोखंडात मिसळलेल्या कार्बनमध्ये आहे. शेकडा पाव भागाहून कमी कार्बन असलेल्या सळया आणि पत्रे नरम असतात. त्यांना कितीही पाणी पाजले तरी धार धरत नाही. म्हणून जुन्या जहाजांचा पत्रा स्वस्त मिळाला तरी हत्याराला निरुपयोगीच. शेकडा अर्धा ते पाऊण भाग कार्बन असेल तर पोलाद चिवट राहून धार घेते. एक भागाच्या आसपास गेला की ते फार कठीण, पण ठिसूळही होते.

आपल्या काशीद-मुरूड पट्टीतला कोयता घ्या. नारळ-सुपारीच्या वाडीत तो रोजचा सोबती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील वाड्या आडव्या केल्या, तेव्हा तर कोयत्या-कुऱ्हाडींवाचून पाऊल टाकणे कठीण झाले. असा कोयता लोहार मालमोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवितो, ते योग्यच आहे. त्यात शेकडा अर्ध्याहून थोडा अधिक कार्बन असतो व तो घाव सोसतो. मात्र वापरून टाकलेल्या पाट्यात बारीक चिरा दडलेल्या असतात. त्या पाहूनच तुकडा घ्यावा. बेअरिंगच्या कड्यात एक भाग कार्बन आणि सुमारे दीड भाग क्रोमियम असते. त्याची सुरी उत्तम होते, पण घणाखालची छिन्नी करू नये. जुन्या कानशीचेही तसेच. ठसे आणि लहान डाय यांसाठी बाजारात ‘ओ.एच.एन.एस.’ नावाचे पोलाद मिळते. ते तेलात विझविले जाते व फारसे वाकत नाही. हायस्पीड स्टीलला पाणी देण्यास सुमारे १२०० अंश सेल्सिअस उष्णता नेमकी सांभाळावी लागते. ते गावच्या भात्याचे काम नव्हे. त्याचा तयार तुकडा घासूनच वापरावा.

भंगारातल्या अनोळखी पोलादाची परीक्षा घरीही होते. छोटा तुकडा चुंबक धरीनासा होईपर्यंत, आणि त्याहून किंचित अधिक तापवून तेलात विझवावा. कानस त्यावरून घसरली तर त्याने पाणी घेतले. रुतली तर हत्यारासाठी तो माल नको. पाणी दिल्यावर ते उतरविणे तितकेच आवश्यक. घासून उजळलेला तुकडा हळूहळू तापविला की त्यावर रंग चढतात. फिकट पिवळा सुमारे २३० अंशांना येतो, तो सुरीला पुरतो. जांभळा-निळा २८० ते ३०० अंशांना, तो छिन्नीला हवा. छिन्नीचे डोके मात्र नरमच ठेवावे, आणि घावांनी फुलले की घासून टाकावे.

हा इशारा आम्ही मुद्दाम देतो. कामगार संघटनेच्या कामात छिन्नीचा कपचा उडून डोळा गमावलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. अशा वेळी दोष कामगाराच्या निष्काळजीपणावर ढकलला जातो. ती छिन्नी कोणत्या पोलादाची होती, हे कोणी विचारीत नाही. किलोमागे वाचलेले पैसे एकाच्या खिशात जातात आणि डोळा जातो दुसऱ्याचा. चष्मा तर हवाच. पण हातातले पोलाद कोणते, हे विचारण्याचा हक्कही हवा.

मग माल आणावा कोठून? आपल्याच जिल्ह्यात कळंबोलीचा लोखंड बाजार आहे. तयार हत्यारे आणि सुटा माल यांसाठी मुंबईची नागदेवी स्ट्रीट आहे. पोलादाचे नाव सांगून मागावे आणि ते पावतीवर लिहून घ्यावे. कांबीच्या टोकावर शिक्का वा रंगाची खूण असते. तुकडे नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापावेत, म्हणजे शेवटच्या वितीपर्यंत ओळख राहते. एकट्याला पूर्ण कांब परवडत नसेल तर चार कारागिरांनी मिळून घ्यावी आणि प्रत्येक तुकड्यावर नाव ठोकावे.

इंग्लंडात १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन हा घड्याळजी स्प्रिंगचे पोलाद मनासारखे मिळेना म्हणून स्वतःच मुशीत पोलाद वितळवू लागला, आणि शेफील्डच्या पोलादाचा लौकिक त्या मुशीतून वाढला. मिळेल त्या मालावर समाधान न मानणारा तो एक लहान कारागीर होता. आपल्याला मूस पेटविण्याची गरज नाही. दुकानात उभे राहून ‘हे पोलाद कोणते?’ एवढे विचारले तरी पुरे.