शर्यतीच्या मोटारीतून दिसलेले जग

मोटारींच्या शर्यती म्हटल्या की वेग, पैसा आणि जिवावरचा धोका एवढ्याच गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर येतात. शर्यतपटूला परमुलखाची, तेथील माणसांची, झाडामाडांची जिज्ञासा असू शकेल हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक वर्षाकाठी वीस-वीस देशांत जाण्याचा योग या मंडळींइतका फार थोड्यांना येतो. मग ते देश त्यांना दिसतात का? आणि दिसले तर त्या दिसण्याचा त्यांच्यावर काही परिणाम होतो का?

प्रथम त्यांचा प्रवास असतो कसा ते पाहू. फॉर्म्युला वनची मोटार सरळ मार्गावर ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जाते. म्हणजे सेकंदाला त्र्याऐंशी मीटर! तिसगावहून अहिल्यानगर सुमारे चाळीस किलोमीटर; एस. टी.ने करंजी घाट ओलांडून जायला आपल्याला तासभर सहज लागतो. हे अंतर ती मोटार आठ मिनिटांत तोडील. अर्थात घाट तिला मानवणार नाही, आणि आपल्या रस्त्यावरचे खड्डे तर मुळीच नाहीत. तिचे पोट जमिनीपासून जेमतेम काही बोटे वर असते. तिच्यासाठी गुळगुळीत, बंदिस्त मार्ग बांधावा लागतो आणि त्याच मार्गावर पन्नास-साठ फेऱ्या मारून सुमारे ३०५ किलोमीटर पुरे करावयाचे असतात. चालकाला दिसते ते पुढचे वळण. शर्यत ब्राझीलमध्ये असो की जपानमध्ये, विमानतळ, हॉटेल, मार्ग आणि पुन्हा विमानतळ, हाच क्रम.

रॅलीचे तसे नाही. तेथे खऱ्याखुऱ्या मुलखातून, माळरानातून, वाळवंटातून जावे लागते. पुण्याचे संजय टकले यांनी जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियातील 'डकार क्लासिक'मध्ये मोटार चालविली ती अशीच वाळूतून. पण बंदिस्त मार्गावरच्या शर्यतपटूला जग पाहावयाचे असेल तर मोटारीतून खाली उतरावे लागते.

प्रवास घडणे आणि जग पाहावयास मिळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे पाथर्डी तालुक्याला कोणी सांगावयास नको. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली आपली माणसे दरवर्षी शेकडो किलोमीटर जातात. त्यांना दिसतो तो उसाचा फड, कारखान्याचा वजनकाटा आणि राहायची कोपी. धनाढ्य शर्यतपटूशी त्यांची तुलना करण्याचा अविचार मी करणार नाही. साम्य एवढेच की कामासाठी फिरणाऱ्याला कुतूहल ही चैन ठरते. उलट मढीच्या यात्रेला गाढवांचा तांडा घेऊन येणाऱ्या भटक्यांचे पाहा. वाटेत पाणी कोठे, चारा कोठे, कोणत्या गावचे लोक कसे, याची चौकशी केल्यावाचून त्यांचे पाऊल पुढे पडत नाही. तेथे कुतूहल हीच शिदोरी!

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या माणसाकडे वळू. सेबास्टियन व्हेटेल हा जर्मनीतील हेपनहाइम गावच्या एका सुताराचा मुलगा. जन्म १९८७ चा. वयाच्या तेविसाव्या वर्षी, २०१० मध्ये तो सर्वांत तरुण जगज्जेता ठरला आणि पुढची तीन वर्षेही ते पद त्याने सोडले नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रेटर नोएडा येथील नव्या बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. चोवीस वर्षांचा व्हेटेल त्याआधी आग्र्याला जाऊन ताजमहाल पाहून आला. ताजमहाल तर सगळेच पाहतात. पण त्या आठवड्यात तो वार्ताहरांशी बोलला ते रस्त्यावर दिसलेल्या माणसांविषयी. डोळे-कान उघडे ठेवले तर या देशाकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे, पैसा थोडा असूनही माणसे आनंदी दिसतात, असा त्याचा सूर होता. मला हे निरीक्षण थोडे भाबडे वाटते. ज्या जमिनीवर तो मार्ग उभा राहिला ती शेतकऱ्यांकडून संपादित केलेली होती आणि त्यांचा असंतोष त्या दिवसांत गाजत होता. पण चोविसाव्या वर्षी माणसाने निदान खिडकीबाहेर पाहिले, हेही थोडके नव्हे. २०११, १२ आणि १३ या तिन्ही साली ती शर्यत त्यानेच जिंकली. पुढे करमणूक कराच्या वादात शर्यत बंद पडली ती पडलीच.

वय वाढले तसे हे कुतूहल निसर्गाकडे वळले. २०२१ मध्ये ऑस्ट्रियातील शर्यतीच्या वेळी त्याने शाळकरी मुलांना बरोबर घेऊन मधमाश्यांसाठी लाकडी घर बांधले; आकार अर्थातच शर्यतीच्या मोटारीचा! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे शर्यत संपल्यावर तो प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन कचरा उचलीत राहिला. २०२३ मध्ये जपानच्या सुझुका मार्गावर एका वळणापाशी त्याने अशी अकरा घरे उभी केली आणि वळणाच्या कडा पिवळ्या-काळ्या रंगविल्या.

ही घरे पोळे करून राहणाऱ्या माश्यांसाठी नसतात. जगातील बहुसंख्य जातींच्या मधमाश्या एकट्या राहतात. मादी एखादे भोक किंवा पोकळ काडी शोधते, आत परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते आणि तोंड माती-पानांनी बंद करते. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या तुळईला भोक पाडणारा भुंगा याच गोत्रातला. जुनी झाडे, कुडाच्या भिंती, बांधावरची काटवने गेली की या माश्यांना घर उरत नाही. यात केवळ काव्य नाही. कांद्याचे बी धरण्यासाठी डोंगळे लावणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. माशी फिरकली नाही तर गोंडा दिसायला भरगच्च, आणि बी मात्र नावाला.

येथे कोणीही विचारील की पेट्रोल जाळून कोट्यधीश झालेल्याने मधमाश्यांची काळजी करणे हा दांभिकपणा नव्हे काय? मे २०२२ मध्ये बीबीसीच्या 'क्वेश्चन टाइम' कार्यक्रमात त्याला हेच विचारण्यात आले. श्रोते हसले, त्याने तो आरोप सरळ मान्य केला. पुढच्याच महिन्यात कॅनडातील तैलवाळूच्या खाणींविरुद्धचा मजकूर छापलेला शर्ट तो घालून आला, तेव्हा अल्बर्टा प्रांताच्या ऊर्जामंत्र्यांनी त्याच्या संघाला सौदी अरेबियाच्या तेलकंपनीचा पैसा मिळतो याची आठवण करून दिली. तेही खरेच होते.

पण आकडे पाहिले की प्रश्न वेगळाच असल्याचे ध्यानात येते. फॉर्म्युला वनने आपला हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार २०१८ च्या हंगामात २,५६,५५१ टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. त्यात प्रत्यक्ष मोटारींच्या इंजिनांचा वाटा होता केवळ ०.७ टक्का, म्हणजे सुमारे अठराशे टन. मोटारी, सुटे भाग, तंबू, यंत्रे विमानांतून, जहाजांतून आणि ट्रकांतून हलविण्याचा वाटा ४५ टक्के. माणसांच्या प्रवासाचा २७.७ टक्के. प्रेक्षकांचे येणे-जाणे तर यात धरलेलेच नाही. म्हणजे कानठळ्या बसविणारी ती शर्यत जवळजवळ निर्दोष, आणि दोषी कोण, तर तो प्रवास! ज्या भटकंतीने या तरुणाला जग दाखविले, तीच त्या जगाला महाग पडत होती. विमान टाळून मोटारीने किंवा रेल्वेने शर्यतीला जाण्याचा प्रयत्न तो युरोपात करी. पण ब्राझीलला रेल्वे कशी नेणार?

जुलै २०२२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. मुलाबाळांना वेळ देता यावा हे त्याने सांगितलेले मुख्य कारण. परंतु या विचारांनाही त्याने त्यात जागा दिली. त्याच्यामागे शर्यती काही कमी झाल्या नाहीत. २०२४ च्या हंगामात त्या २४ झाल्या. वेळापत्रक मात्र भूगोल पाहून आखले जाऊ लागले आहे. जपानची शर्यत २०२४ पासून शरद ऋतूतून एप्रिलमध्ये आली, आणि २०२६ साठी कॅनडाची शर्यत मायामीच्या पाठोपाठ मे महिन्यात ठेवण्यात आली, म्हणजे अटलांटिक महासागराच्या फेऱ्या कमी व्हाव्यात. २०२६ पासून इंधनही खनिज तेलाचे नसावे असा नियम झाला. तो लागू पडतो त्या ०.७ टक्क्याला.